हेर आहो आलो यांचे वीजबिल

लतिका निगुडकर १९६२ च्या ऑक्टोबरात मिरजेहून हायडेलबर्गला आली, ती परतीचे तिकीट घेऊनच. तिकीट तिने काढले नव्हते, तिच्या वडिलांनी काढले होते. दत्तात्रयराव मिरजेच्या कोर्टात नाझर होते आणि जावयावर त्यांचा विश्वास असला तरी कागदावर जास्त होता. त्यांनी आत्मारामला लिहिले होते, "तुमच्याकडे थंडी फार असं ऐकतो. पोरीला सोसलं तर राहील. नाही सोसलं तर फेब्रुवारीच्या बोटीनं परत येईल. तुमचं डॉक्टरकीचं झालं की मग तुमचा संसार आहेच."

डॉक्टरकीचे व्हायला अजून दीड वर्ष होते. आत्मारामने विद्यार्थी वसतिगृहात दोन वर्षे उकडलेले बटाटे खाऊन काढली होती. आणखी दीड वर्ष बटाटे त्याने खाल्लेही असते, पण लग्नानंतर चौदा दिवसांत जिला मागे ठेवून यावे लागले ती बायको आता कुठे पुन्हा दिसली होती. तेव्हा त्याने मनाशी एकच ठरवले की लतिकाला थंडी म्हणून वाजू द्यायची नाही.

त्या दृष्टीने त्याला घर छान मिळाले होते. फ्राऊ क्नोब्लाउख नावाच्या विधवा बाईंचा वरचा मजला. क्नोब्लाउख म्हणजे जर्मन भाषेत लसूण, आणि बाईंची पहिली अट अशी की घरात लसणाची फोडणी चालणार नाही. त्या रोज जिन्यात नवऱ्याचा फोटो पुसत आणि लतिका दिसली की "माझा ऑटो, गेश्टोर्बन!" असे म्हणून उसासा टाकत. गेश्टोर्बन म्हणजे वारले; लतिका जर्मन भाषेत शिकली तो हा तिसरा शब्द. पहिले दोन 'डांके' म्हणजे आभार आणि 'काल्ट' म्हणजे थंड.

सगळी गल्ली कोळसा जाळीत होती, पण फ्राऊ क्नोब्लाउख यांनी बादल्या उचलून कंटाळून वरच्या मजल्यावर विजेचे हीटर बसवून घेतले होते. भिंतीच्या पायाशी, जमिनीला लागून, खोलीभर फिरलेल्या पत्र्याच्या लांबलचक पेट्या. बटण फिरवले की दहा मिनिटांत खोलीत मिरजेचा फाल्गुन. घर दाखवताना बाईंनी तळहात चोळून म्हटले होते, "वार्म! अगदी वार्म!"

आत्मारामच्या दृष्टीने हा शब्द लाखमोलाचा होता. वसतिगृहातल्या सुधीरने त्याला नीट पढवले होते. "हे बघ, इथं भाडं दोन तऱ्हेचं. काल्ट म्हणजे नुसतं घर, वार्म म्हणजे ऊब धरून. वार्म म्हणाले की डोळे मिटून हो म्हण." आत्मारामने डोळे मिटून हो म्हटले. त्याच्या दोन्ही डोळ्यांना पुढे तीन महिने उघडायची गरज वाटली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी दारावर टोपीवाला माणूस आला. त्याच्या हातात फळी आणि फळीवर फॉर्म होता. त्याने मीटरवरचा आकडा उतरवून घेतला आणि लतिकाला काहीतरी विचारले. तिला त्यातले 'मान' आणि 'नामे' एवढे दोन शब्द कळले. म्हणजे नवऱ्याचे नाव विचारतोय. आता हा परका पुरुष, दारात उभा, आणि नाव विचारतो कुणाचे, तर ज्यांचे तिने मंगळागौरीतसुद्धा उखाण्याशिवाय घेतले नव्हते त्यांचे! आत्माराम न्हाणीघरात होता. लतिकाने तिकडे तोंड करून हाक मारली, "अहो!"

आतून पाण्याबरोबर उत्तर आले, "आलो!"

टोपीवाल्याने मान डोलावली, नावाच्या रकान्यात 'आहो' लिहिले, आडनावाच्या रकान्यात 'आलो' लिहिले, लतिकाची सही घेतली आणि टोपीला हात लावून निघून गेला. आत्माराम अंग पुसत बाहेर आला तेव्हा जिन्यात कुणीच नव्हते.

"कोण होतं गं?"

"विजेचा माणूस. मीटर बघून गेला."

"बरं," आत्माराम म्हणाला आणि त्याने हीटरचे बटण आणखी एक घर पुढे सरकवले.

त्या हिवाळ्याने पुढे नाव काढले. नोव्हेंबरातच बर्फ पडले आणि ते जाईना. पण निगुडकरांच्या वरच्या मजल्यावर कुणी स्वेटर घालीना. ऊब भाड्यात धरलेली असताना ती वापरायची नाही म्हणजे पैसे देऊन उपाशी राहण्यासारखे, असे आत्मारामचे मत. स्वयंपाकघरातली पेटी चालू, झोपायच्या खोलीतली चालू, न्हाणीघरातलीही चालू, कारण लतिकाला थंड फरशीवर पाय ठेवायला लागू नये. लतिकाही हळूहळू रुळली. तिने एका पेटीवर विरजण लावले, दुसरीपुढे फडके पसरून उडदाचे पापड वाळत घातले. पापड असे वाळले की तिने मिरजेला कौतुकाने पत्र लिहिले. उलटटपाली दत्तात्रयरावांचे उत्तर आले, "पापडाचे समजले. फेब्रुवारीचे काय ठरले?"

ऊब लपत नाही. आधी सुधीर आला, अभ्यासाला म्हणून.

"वहिनी, आमच्या खोलीत शाई गोठते हो," तो म्हणाला आणि पाय पेटीला लावून बसला.

"बसा ना भावजी. ते म्हणतात, कितीही जाळा, भाड्यातच आहे."

"फुकट ते पौष्टिक!"

पुढच्या रविवारी तो आणखी दोघांना घेऊन आला. नाताळच्या सुट्टीत फ्रँकफर्टहून चौघे आले आणि तीन दिवस राहिले. आलेल्यांचे ओले मोजे पेट्यांवर ओळीने वाळत, आणि खिडकी मात्र उघडी ठेवावी लागे, कारण सात माणसे, मोजे आणि एवढी ऊब एका खोलीत मावत नसे. आत्माराम यजमानपणाने फुलून गेला होता. लतिका भाकऱ्या थापताना हसे आणि तिला हसताना पाहून तो बटण आणखी पुढे सरकवायला जाई. ते आधीच शेवटाला टेकलेले असे.

डिसेंबरात एक पत्र आले. वर छापील अक्षरांत 'हेर आहो आलो', म्हणजे श्रीयुत आहो आलो. आत्मारामने ते उलटसुलट केले.

"हा कोण रे?" त्याने सुधीरला विचारले.

"फिनलंडचा असणार. आमच्या लॅबमध्ये एक आहो आहे. त्यांच्यात आहो म्हणजे आपल्यातले कुलकर्णी. तुझ्या आधीचा भाडेकरू असेल."

दुसऱ्याचे पत्र उघडणाऱ्यातला आत्माराम नव्हता. त्याने पाकिटावर सुवाच्य अक्षरात 'हे गृहस्थ येथे राहत नाहीत' असे लिहिले आणि ते टपालपेटीत टाकले. नाताळनंतर दुसरे आले, तेही परत केले. जानेवारीत तिसरे लाल शिक्का घेऊन आले, तेही परत गेले. "काय माणूस आहे हा आलो," आत्माराम जेवताना म्हणाला. "पत्ता न कळवता निघून गेला. अशांमुळे परदेशी माणसांचं नाव खराब होतं."

खाली फ्राऊ क्नोब्लाउख मात्र वेगळाच हिशेब मांडत होत्या. पत्रे आधी त्यांच्या हातात येत.

"हेर निगुडकर," एकदा त्यांनी जिन्यात अडवले, "हा हेर आलो तुमच्याकडे राहतो का? जास्तीच्या माणसाचं जास्तीचं भाडं पडेल."

"अशा नावाचा कुणीही माणूस माझ्या घरात नाही!" आत्माराम ठासून म्हणाला.

बाई खाली निघून गेल्या. पण तेव्हापासून त्या आत्मारामकडे भलत्याच कणवेने बघू लागल्या. एकदा तर त्यांनी त्याला एकट्याला बोलावून सफरचंदाचा केक खायला घातला आणि तो खात असताना म्हणाल्या, "धीर धरा. माणसाला सगळं सोसावं लागतं." थंडीबद्दल म्हणत असतील, असे समजून आत्मारामने आणखी एक तुकडा घेतला.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नेकर नदी गोठली. लोक नदीवरून चालत पलीकडे जाऊ लागले. अशा एका सकाळी निळ्या कपड्यातला एक माणूस पक्कड आणि शिशाचे सील घेऊन वर आला. मागोमाग फ्राऊ क्नोब्लाउख.

"हेर आहो आलो?"

"नाही हो," आत्माराम म्हणाला. "तीन वेळा लिहून कळवलं. असा कुणी इथं नाही."

"नोव्हेंबरपासून चार हजार युनिटं जळलीत. चारशे अडतीस मार्क. एक पैसा भरलेला नाही. मी वीज तोडायला आलोय."

"पण ऊब भाड्यात आहे! घर वार्म आहे!"

फ्राऊ क्नोब्लाउख यांनी कपाळाला हात लावला. "घर वार्म आहे म्हणाले होते मी! भाडं वार्म आहे असं कधी म्हणाले? मीटर तुमच्या मजल्याचं वेगळं आहे. आणि आता मी गप्प बसणार नाही. या भल्या माणसासाठी इतके दिवस तोंड शिवून घेतलं होतं. हेर आलो याच घरात राहतो! मी रोज ऐकते. हिची हाक ऐकते आणि त्याचं उत्तरही ऐकते. आणि या बिचाऱ्याला पत्ता नाही!"

"काय बोलता काय तुम्ही?" आत्मारामच्या तोंडचे पाणी पळाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध वर आले आणि लतिकाची हाक आली, "अहो! अहो, जरा येता का?"

"ऐकलंत?" बाई कुजबुजल्या.

"आलो, आलो!" आत्माराम सवयीने म्हणाला आणि दोन पावले टाकून जागीच थिजला.

निळ्या कपड्यातल्या माणसाने त्याच्याकडे पाहिले. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग दाराआड पाहिले, पलंगाखाली पाहिले, आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि त्या जिना उतरू लागल्या. फुकट गेलेल्या केकचे त्यांना वाईट वाटले असावे.

निळा माणूस भला होता. "बाहेर उणे पंधरा आहे," तो म्हणाला. "मी उद्या दुपारी येतो. सकाळी कचेरीत जाऊन काय ते मिटवा."

आत्मारामची शिष्यवृत्ती महिन्याला चारशे मार्क होती आणि त्यातले शिल्लक एकतीस होते. सुधीरकडे मागावे, तर तो स्वतःच त्याच्याकडे ऊब मागायला येत होता. आत्मारामने घरातली सगळी बटणे शून्यावर आणली. तासाभरात विरजणाच्या भांड्याला हात लावला तर गार. लतिकाने अंगावर शालीवर शाल घेतली आणि संध्याकाळी पलंगाखालची ट्रंक ओढून काहीतरी काढून पर्समध्ये ठेवले. बोट चौदा फेब्रुवारीला होती. आत्मारामने ते पाहिले, पण विचारले नाही. जिला ऊब देतो म्हणून आणले तिला कोणत्या तोंडाने राहा म्हणायचे?

दुसऱ्या दिवशी दोघे वीजकचेरीत गेले. खिडकीमागे हेर फिस्टरर नावाचे पांढऱ्या मिशांचे कारकून होते. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसाची सगळी शांतता त्यांच्या चेहऱ्यावर होती. आत्मारामने सुरुवातीपासून सांगितले.

"आल्झो, असं आहे तर," फिस्टरर म्हणाले, "म्हणजे आहो हे नाव नाही."

"नाही. ती हाक आहे. बायको नवऱ्याला मारते."

"मारते?"

"हाक मारते. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही."

"भांडण असतं म्हणून?"

"मान असतो म्हणून."

फिस्टरर जरा विचारात पडले. "माझी बायको दिवसातून चाळीस वेळा माझं नाव घेते," ते म्हणाले. "आता उलगडा झाला." मग त्यांनी कपाटातून आलोंची फाइल काढली. "पण हेर निगुडकर, हा माणूस मुळात नव्हताच, असं मला लिहिता येत नाही. त्यानं चार हजार युनिटं वापरलीत. जो नाही तो चार हजार युनिटं कशी वापरेल?"

"ती मी वापरली."

"तुमच्या नावावर मीटर नाही. मीटर आलोंच्या नावावर. खातं बंद करायला फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. एक, घर सोडून गेले. मग नवा पत्ता हवा." त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि आवाज खाली आणला. "दुसरा, फेअरश्टोर्बन. वारले. वारस कुणी नाहीत. मग बाकी माफ. फाइल बंद. उद्यापासून तुमचं नवं खातं. इथं फुली मारा, खाली सही करा, आणि मी जेवायला जातो."

चारशे अडतीस मार्क माफ! आत्मारामच्या मनात पापपुण्याचा विचार आला, नाही असे नाही, पण त्याच्या आधी बोट आली. वीज राहिली तर लतिका राहील. त्याने पेन उचलले.

"काय म्हणाले हो ते?" लतिका मागून म्हणाली. "श्टोर्बन काहीतरी म्हणाले. कोण श्टोर्बन?"

"कुणी नाही गं. तो आहो."

"आहो?"

"म्हणजे मी नव्हे. नुसतं कागदावर. फुली मारली की बिल माफ."

आत्मारामने लग्नानंतर लतिकाचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो त्याने आणि त्या कचेरीतल्या सहा खिडक्यांनी एकदमच ऐकला.

"कागदावर म्हणजे? नाझराची मुलगी आहे मी! कागदावर गेला तो गेला! मी दिवसातनं शंभर वेळा ज्यांना हाक मारते ते मेले म्हणून तुम्ही सही करणार, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मी तुम्हाला काय म्हणू? पुन्हा तोंडातनं अहो निघेल का माझ्या?" तिने त्याच्या हातातले पेन हिसकावून घेतले, हेर फिस्टररकडे वळली आणि स्वतःजवळचे सगळे जर्मन एकदम खर्चून टाकले. "नाइन! आहो गेश्टोर्बन नाइन! आहो हिअर!" आणि आत्मारामच्या छातीवर बोट ठेवून ती उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

हेर फिस्टरर यांनी तो फॉर्म सावकाश दुमडला, कागदाच्या टोपलीत टाकला आणि उठून टेबलावरची टोपी पुन्हा खुंटीला लावली. जेवण लांबले होते.

"हिअर असतील तर पैसे भरावे लागतील," ते हळू म्हणाले. "आणि आलो म्हणजेच हे, असं फॉर्मवर ज्यांची सही आहे त्यांनी तोंडी सांगायला हवं. नाव घेऊन. फ्राऊ निगुडकर, तुमच्या नवऱ्याचं नाव?"

आत्मारामने भाषांतर केले. लतिका लाल झाली. तिने पदर सारखा केला, सहा खिडक्यांमधली सहा डोकी पाहिली, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली:

"नेकर गोठली काठोकाठ, बर्फात अडली ट्राम,
ज्यांच्यासाठी समुद्र ओलांडला, त्यांचं नाव आत्माराम."

फिस्टररांचे पेन मध्येच थांबले. "यातलं नाव कोणतं?"

"शेवटचा शब्द," आत्माराम म्हणाला.

"आणि आधीचं ते?"

"आधीचं हवामान."

"गेनाऊ, अगदी बरोबर," फिस्टरर खिडकीबाहेर बघून म्हणाले आणि त्यांनी फक्त शेवटचा शब्द उतरवून घेतला. "आता चारशे अडतीस मार्क. आठ दिवसांची मुदत देतो."

"आठ दिवस कशाला?" लतिकाने पर्स उघडली आणि बोटीचे तिकीट काढून आत्मारामच्या हातात दिले. "हे परत केलं की येतील ना तेवढे?"

"अगं, पण बाबांनी..."

"काल तारीख बघायला काढलं होतं. खोटं कशाला सांगू? थंडी वाजायला लागली तेव्हा वाटलं, जावं. पण आत्ता त्यांनी मेले म्हणून लिहायला काढलं, तेव्हा कळलं मला. तुम्हाला इथं ठेवून मिरजेच्या उन्हात जाऊन काय करू मी? बाबांना मी लिहीन."

आत्मारामने तिकीट दोन्ही हातांत धरले. तीन महिने, चार हजार युनिटे जाळून, तो जे विकत घ्यायला बघत होता ते त्याच्याजवळ पहिल्यापासून होते.

मोठ्या रस्त्यावरच्या प्रवासी कंपनीने दलाली कापून पैसे दिले. बिल भरून वर तीनशेच्या आसपास उरले. त्यातून लतिकाने दोघांसाठी लोकरीचे जाड पायमोजे घेतले आणि यापुढे हीटर संध्याकाळी दोनच तास, स्वयंपाकघरातला एकटाच, असा हुकूम सोडला. सुधीरभावजींनी यावे, पण येताना आपले ब्लँकेट आणावे.

परत येताना दोघे ट्रामचे पैसे वाचवायला गोठलेल्या नदीवरून चालत निघाले. पाय घसरू नये म्हणून लतिकाने त्याचा दंड घट्ट धरला होता. असा भर दिवसा, उघड्यावर, तिने तो प्रथमच धरला होता. मध्यावर आल्यावर आत्मारामला राहवले नाही.

"लतिका, किती गोड वाटलं गं तुझ्या तोंडून. पुन्हा एकदा म्हण ना. नुसतं नाव."

लतिकाने पुढे पाहिले, मागे पाहिले. नदीवर दूरवर कुणीच नव्हते.

"चला हो," ती म्हणाली. "ते सरकारी कामापुरतं होतं."